अक्कांचा उजवा कान

अक्का, आधी भांडणाचं सांगून टाकते. तुमच्या दहाव्याला आलेल्या एका पाहुण्यानं सगळ्यांसमोर मोठा उसासा टाकला आणि म्हणाला, "बिचारी! शेवटी शेवटी ऐकूच येत नव्हतं म्हनं." माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिथंच खाली ठेवला आणि म्हटलं, "पावणं, बिचारी कुनाला म्हनता? त्या बाईनं एका कानावर अख्खं मंडळ चालवलं. तुमाला दोन हायेत, तुमी काय चालवलं?" पाहुणा कप उचलायचा विसरला. तुमचे धाकटे दीर, म्हणजे आमचे हे, दारातून डोळे वटारत राहिले. मला काही फरक पडला नाही. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता, आणि मग सगळे गेल्यावर मला रागावला असता.

म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते. तुम्हाला ते पाठ आहे, पण तुम्हाला ऐकायला किती आवडायचं! शेंगा फोडायला बसलो की तुमचं ठरलेलं, "शोभे, ते बाजारातलं सांग की." सगळं स्वतः भोगलेलं, तरी माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तर ऐका.

आपल्या खोडदच्या बायकांचं भजनी मंडळ दर शुक्रवारी देवीच्या देवळात बसायचं आणि नवरात्रात रोज संध्याकाळी. चाल तुम्ही सांगायची. तुम्ही पहिली ओळ घ्यायची, आम्ही मागून उचलायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच. मग कधीतरी तुमचा सूर सुटायला लागला. मंदा पेटीवर एक सूर धरायची आणि तुम्ही शेजारच्या घरात जाऊन उभ्या राहायच्या. आधी कधीतरी, मग दर शुक्रवारी. बायका एकमेकींकडं बघायच्या, टाळ जरा जोरात वाजवून झाकून घ्यायच्या. तुम्हालाही कळत होतं. तुम्ही आणखी मोठ्यानं गायच्या आणि आणखी लांब जायच्या.

मंडळाचा कारभार बघणाऱ्या विमलताई एक दिवस आपल्या ओसरीवर आल्या. बाई वाईट नाही, पण बोलायला बसली की विळीवर बसल्यासारखी. "अक्का, वय झालं आता आपलं. या नवरात्रात चाल मी सांगते. तुमी मागं बसून टाळ धरा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि त्यांना चहा दिलात. मग त्या गेल्यावर जेवला नाहीत. मी ताट वाढून आणलं तर म्हणालात, "झाकून ठेव." थोरले भाऊजी गेले, तुमची लेक वैशाली पुण्याला नोकरीला लागली, शेत दिरांच्या हातात गेलं. स्वतःचं म्हणावं असं तुमच्याकडं त्या पुढच्या जागेशिवाय काही राहिलं नव्हतं, आणि आता तीही चालली होती. मला इतका राग आला होता की मी विमलताईंची कपबशी दोनदा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच म्हणालात, "गानं कच्चं झालंय माझं. पुन्ना शिकायचं. नवरात्राला अजून येळ हाय."

वैशाली अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होती तेव्हाचा तिचा कॉम्प्युटर माजघरात टॉवेल पांघरून बसला होता. त्यात जगातलं सगळं गाणं असतं हे तुम्हाला तिनंच दाखवलं होतं. तुम्ही टॉवेल काढलात, अभंग लावलात आणि तोंड वाकडं केलंत. "ही बाई पत्र्याच्या डब्यात बसून गातीया." खरंच तसं होतं. पडद्याच्या पोटात जे काही स्पीकर होते त्यातून पेटी म्हणजे डास आणि मृदंग म्हणजे दार वाजवल्यासारखा. वैशालीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, चांगला हेडफोन घे. पण स्वतः कानाला लावून बघून घे, काकूच्या पसंतीचा घेऊ नकोस." हे ती का म्हणाली ते मी अजून तिला विचारलेलं नाही.

नारायणगावच्या त्या दुकानातला दुकानदार सभ्य माणूस. लुगडं नेसलेल्या दोन बायका हेडफोन मागताहेत म्हटल्यावर त्याला वाटलं नातवासाठी असेल. तुम्ही म्हणालात, "नातू न्हाई, मलाच पायजे," आणि स्टुलावर बसलात. मग त्याचा अर्धा दिवस गेला. कानात खुपसायचे ते तुम्ही लगेच बाजूला सारले, म्हणालात बोळे घातल्यागत वाटतं. कानावर टेकणारे होते त्यांनी कुड्या टोचल्या. एक लालभडक जोडी मला लई आवडली होती. दुकानदारानं त्यात त्याचं नेहमीचं गाणं लावलं, धाडधाड करणारं. तुम्ही तो काढून म्हणालात, "छातीत कशाला मारतंय? मला कानात पायजे." मग तुम्ही त्याला भजन लावायला सांगितलंत आणि प्रत्येक जोडीत फक्त टाळ ऐकलात. बऱ्याच हेडफोनांत टाळाची फोडणी व्हायची, नुसतं तडतड. एकात मात्र टाळ वाजल्यावर त्याचा नाद हळूहळू विरत गेला. कान पूर्ण झाकणारा, मऊ गाद्यांचा, काळा, दिसायला अगदी कळाहीन. तुम्ही डोळे मिटून बोटानं खूण केलीत, हाच.

दुकानदार म्हणाला, "ह्यातच बिनवायरचा पण येतो, आक्का. स्वयंपाक करता करता ऐकता येईल." मी म्हटलं, घेऊया. तुम्ही म्हणालात, "नको. आमच्या बांधाला दुर्बीण हाय." दुकानदाराला काही कळेना, तेव्हा मी सांगितलं की आमच्या रानाशेजारी त्या मोठाल्या तबकड्या आभाळातलं बारीक बारीक ऐकत असतात, आणि आमची अक्का म्हणते त्यांच्या कानाशी आपण बिनवायरच्या लहरींची किरकिर कशाला करायची. दुर्बिणीवर कामाला जाणारे शेजारचे भाऊ नंतर म्हणाले होते की एवढ्याशा वस्तूनं आभाळ काही कोसळत नाही, पण वायरचा घेतलात ते आम्हाला बरंच. तुम्ही ते वाक्य पुढं वर्षभर मला ऐकवलंत. ती वायर बांगड्यांत अडकायची, कढईत पडायची, एकदा मांजरानं तिच्यावर पंजा मारला. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, "बिनवायरचा घेतला असता तर?" आणि तुम्ही म्हणायच्या, "वायर हाय म्हनून एका जागी बसते तरी." हे भांडण आपलं मिटलेलंच नाही. मला अजूनही वाटतं मीच बरोबर होते.

घरी आल्यावर नवीन दुखणं. गाण्याच्या मागं घरघर. तुम्ही म्हणालात, "मागं कुनी तरी दळन दळतंय." वैशाली म्हणाली की कॉम्प्युटर जुना आहे, त्याच्या आतलीच घरघर हेडफोनच्या भोकातून येते, एक छोटी डबी मिळते ती मध्ये लावा. तिनं पुण्याहून पाठवली. काडेपेटीएवढी डबी. एक टोक कॉम्प्युटरला, दुसऱ्या टोकाला हेडफोन. दळण थांबलं. तुम्ही त्या डबीला हळदकुंकू लावायला निघाला होतात, मी हात धरला.

मग तुमचं शिकणं सुरू झालं. दुपारी सूप मांडीवर घेऊन बसायचं, लसूण सोलायचा आणि गायचं. एक जुनं रेकॉर्डिंग तुमच्या विशेष आवडीचं होतं. तुम्ही मला म्हणालात, "लई धीराची बाई हाय. बिनपेटीची गाती." मला वाटलं, कौतुकाचं बोलताय.

त्या हेडफोनची वायर डाव्या बाजूनं येते. ती सारखी सुपात पडत होती. एक दिवस तुम्ही वैतागून हेडफोन उलटा घातलात, म्हणजे वायर उजवीकडं. आणि तुम्ही जोरात ओरडलात, "बाई गेली!"

मी पोळी तव्यावर टाकून धावत आले. "कोन बाई?"

"गानारी. नुसती पेटीच वाजतीया."

मी कानाला लावला. बाईही होती आणि पेटीही होती. "हाय की!"

"न्हाई!"

"अक्का, हाय!"

तुम्ही सरळ घातलात, बाई आली आणि पेटी गेली. उलटा घातलात, पेटी आली आणि बाई गेली. आपण दोघींनी मिळून निकाल लावला की हेडफोनची एक बाजू बाद आहे, आणि माझ्या अंगात आलं. पोळी जळाली ती जळाली, पण वडापची जीप धरून आपण थेट नारायणगावला.

दुकानात मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, लोक वाचतील. दुकानदार बिचारा ऐकून घेत होता. त्यानं हेडफोन लावला, सरळ, उलटा, पुन्हा सरळ. "मावशी, दोन्ही बाजू चालू आहेत." मी म्हटलं, तुमच्या कानात दोष हाय. तेवढ्यात तुम्ही माझ्या दंडाला हात लावलात. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिलात. समोर टोमॅटोचे क्रेट उतरवत होते, टेम्पो हॉर्न मारत होता, कुणीतरी भाव ओरडत होतं. तुम्ही उजव्या कानावर तळहात घट्ट दाबलात आणि तशाच उभ्या राहिलात. मग हात काढलात. पुन्हा दाबलात.

"शोभे," तुम्ही म्हणालात, "बाजार बंद झाला."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तोंडातलं भांडण तोंडात राहिलं. मी घाबरले होते, अक्का. मला वाटलं आता तुम्ही मटकन खाली बसाल. दुकानदारानं स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. तुम्ही पाणी प्यायलात, त्याला म्हणालात, "भाऊ, तुमचा माल चांगला हाय. माझाच माल खराब निघाला," आणि हेडफोन छातीशी धरून चालायला लागलात.

जीपमध्ये तुम्ही हेडफोन मांडीवर घेऊन बसलात. मी तुमचा हात धरून बसले होते आणि माझेच डोळे वाहत होते. अर्ध्या वाटेवर तुम्ही विचारलंत, "शोभे, देवळात पेटी कुनीकडं बसती?"

"तुमच्या डावीकडं."

"आन् टाळ?"

"उजवीकडं."

आणि तुम्ही हसायला लागलात. असं हसताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. जीपमधली माणसं वळून बघायला लागली. "अगं, म्हंजी मला पेटी ऐकूच येत नव्हती! चांगल्या कानात नुसतं टाळ कोंबत व्हत्यात, आन् सूर धरायचा कशावरनं? शोभे, माझा गळा गेला न्हाई. मी बेसूर न्हाई!" ड्रायव्हरलाही तुम्ही सांगितलंत की मी बेसूर नाही. तो म्हणाला, "नाय मावशी, कोन म्हनतंय?"

मंचरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की डाव्या कानाची नस हळूहळू सुकत गेली, आता तो परत यायचा नाही, पण उजवा ठणठणीत आहे. तुम्ही ठणठणीत तेवढंच ऐकलंत. रविवारी वैशाली आली. तिला वाईट वाटलं, ती रडली. मग डोळे पुसून कॉम्प्युटरपुढं बसली. "आई, दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र करून द्यायची सोय असते ह्यात," म्हणाली आणि काहीतरी चालू केलं. तुम्ही हेडफोन घातलात. गाणारी बाई आणि पेटी, दोघी एकदम, एकाच कानात. तुमचा चेहरा तेव्हा मला बघायला मिळाला, त्याबद्दल मी देवीची कायमची ऋणी आहे. तुम्ही म्हणालात, "लई दिसांनी भेटल्या गं दोघी."

खरी लढाई पुढंच होती. शुक्रवारी देवळात तुम्ही म्हणालात, "पेटी माझ्या उजवीकडं घ्या, टाळ डावीकडं. मग ऐका मला."

विमलताई म्हणाल्या, "असं कसं? मंडळ झाल्यापासनं पेटी डाव्या अंगालाच हाय. उजवीकडनं पुजाऱ्याची वाट हाय."

"पुजारी सुकून जाईल व्हय जरा वळसा घेतला तर?" हे मी.

"रीत हाय ती, शोभा."

"रीत पेटीनं घातली का देवीनं?"

आवाज वाढले. तुम्ही पुढच्या जागेवर जाऊन बसलात आणि उजव्या बाजूची जमीन हातानं साफ केलीत, जसं जेवायला पान मांडताना करतात. मंदा म्हणजे विमलताईंची सून. सासू बघत असताना ती उठली, पेटी उचलली आणि तुमच्या उजवीकडं आणून ठेवली. "वाजवायची मला हाय, आत्या," एवढंच म्हणाली आणि भाता हलवायला लागली.

तुम्ही डोळे मिटलेत. मंदानं सूर धरला. तुम्ही पहिली ओळ घेतलीत आणि, अक्का, ती सरळ जाऊन त्या सुरावर बसली. जरासुद्धा हलली नाही. मागच्या बायका ओळ उचलायलाच विसरल्या. तुम्ही डोळे उघडून मागं बघितलंत, "काय गं, झोपल्या का?" मग जो आवाज उठला! पुजारी पंचारती घेऊन गाभाऱ्याच्या दारातच उभा राहिला, वळसाही घ्यायचं विसरला. त्या नवरात्रात नऊही संध्याकाळी चाल तुम्ही सांगितलीत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक नवरात्रात. मी मागच्या ओळीत बसून इतकी मोठ्यानं गात होते की शेजारणीनं मला कोपर मारलं.

एक गोष्ट मात्र राहिली. इतकी वर्षं मी तुमच्या मागं गायले. तुम्ही मला भाकरी जमत नाही म्हणालात, रांगोळी जमत नाही म्हणालात, पण गाण्याबद्दल बरं-वाईट काहीच म्हणाला नाहीत. मीही विचारलं नाही. आणि मीही कधी म्हणाले नाही की अक्का, तुमच्या मागची ओळ हीच माझी सगळ्यात आवडती जागा होती. आता म्हणते. दुपारी मी सवयीनं अजून उजव्या बाजूनंच बोलायला जाते, आणि तिथं कुणी नसतं. तेव्हा फार वाईट वाटतं, अक्का.

तेरावं झाल्यावर चारच दिवसांत विमलताई आल्या. एकट्याच, भर दुपारी. मी मनात म्हटलं, आता पेटी पुन्हा डावीकडं घ्यायचं सांगायला आली बाई. मी बाह्या सरसावूनच बसले. पण त्या इकडचं तिकडचं बोलल्या, पाणी प्यायल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "शोभा, ते अक्कांचं कानावरचं दे जरा. आन् ते पेटी-बाईचं गानं लाव. अक्कांनी उलटं घातलेलं, तसं."

तेरावं करून पुण्याला जाताना वैशालीनं दोन्ही बाजूंचं गाणं पुन्हा वेगळं करून ठेवलं होतं. मी तुमचं ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी हेडफोन सरळ घातला, बराच वेळ ऐकलं. मग उलटा घातला. पुन्हा सरळ. मी बघत होते. मग हेडफोन काढून त्या त्याची वायर बोटाला गुंडाळत बसल्या.

"उजवीकडचं लई बारीक येतंय," त्या म्हणाल्या. "मला बरेच दिस वाटत व्हतं. पेटी तिकडं गेल्यापासनं मला नीट धरता येईना. मी कुनाला बोलले न्हाई." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "आता तुमी मला मागं बसवनार का?"

अक्का, याच घराच्या ओसरीवर बसून ही बाई तुम्हाला काय म्हणाली होती ते माझ्या अगदी जिभेवर होतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. पण त्यांचा चेहरा हुबेहूब तुमचा होता, त्या संध्याकाळचा, न जेवल्याचा. मी म्हटलं, "मागं कोन बसवतंय, विमलताई? सोमवारी मंचरला डॉक्टरकडं जाऊ. मी येते संगट. आन् शुक्रवारी बघू काय करायचं ते."

शुक्रवारी मी देवळात सगळ्यांच्या आधी गेले. मंदा आली, तिला सांगितलं. तिनं पेटी उचलली आणि तुमच्या उजवीकडची जागा मोडून ती मधोमध ठेवली, देवीच्या बरोबर समोर. आम्ही सगळ्या तिच्याभोवती गोल बसलो, ज्या बाईचा जो कान चांगला तो पेटीकडं करून. दोघीतिघींनी बसता बसता गुपचूप कानावर तळहात दाबून बघितला, ते मी पाहिलं. पुजारी म्हणाला, "आता मी जाऊ कुठनं?" मंदा भाता हलवायला लागली.

चाल विमलताईंनी सांगितली. पहिली ओळ त्यांनी घेतली, आणि अक्का, खोटं कशाला बोलू, सुरात होती.